छतावर सोलर, तरी लाईट गेली की अंधार : बॅटरी जोडावी का? (बडोदे)

समाकर
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घर समा-सावली रोडच्या आतल्या बाजूला, डुप्लेक्स. गच्चीवर ५५० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे ३.३ किलोवॅट, ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं), नेट मीटर. पीएम सूर्यघर योजनेतून बसवलं, ७८ हजारांची सबसिडी खात्यात आली, बिल जवळजवळ शून्य. इथपर्यंत सगळं छान.

पण लाईट गेली की भर बारा वाजता पॅनल वर तापत बसतात आणि खाली पंखासुद्धा फिरत नाही. एरवी अर्ध्या-पाऊण तासाचा प्रश्न असतो, चालून जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा काय झालं ते बडोदेकरांना सांगायला नको. रस्त्यात पाणी, त्यामुळे वीज बंद ठेवली होती, आणि ती ठेवायलाच हवी होती. पण घरात सासूबाईंचं इन्सुलिन. शेजाऱ्यांच्या फ्रीझरमधला बर्फ वितळायच्या आत मागून आणला, थर्मासमध्ये भरला आणि बाटल्या रुमालात गुंडाळून वर ठेवल्या. पुन्हा तसं करायची इच्छा नाही.

तीन कोटेशनं हातात आहेत :
पहिलं, आताचा इन्व्हर्टर काढून ५ किलोवॅटचा हायब्रिड (पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा), सोबत ५.१२ युनिटांची लिथियम बॅटरी. २ लाख ४० हजार.
दुसरं, आताचा इन्व्हर्टर तसाच ठेवून शेजारी वेगळा बॅटरी इन्व्हर्टर आणि तीच बॅटरी. १ लाख ९० हजार.
तिसरं कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याचं. साधा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर, दोन ट्यूब्युलर (लेड-अॅसिड) बॅटऱ्या. ४८ हजार. तो म्हणतो, "बेन, बाकी सगळं डोक्याला ताप."

चालवायचंय ते असं : फ्रीज, पंखे, दिवे, वायफाय, पाण्याची मोटर आणि जमलं तर एक एसी. पावसाळ्याच्या आत उरकायचं आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा (टाकाच, आमच्याकडे नाहीये).

सेवउसळ
रविवार, रात्री १०:०५

शेवटच्या ओळीला टाळ्या.
मीही याच रांगेत आहे, म्हणून पाट टाकून बसलोय.

जुना वायरमन
सोमवार, सकाळी ६:१५

ताई, तुमचा इन्व्हर्टर बिघडलेला नाही. तो नियमाने वागतो आहे.

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःच्या बळावर वीज देत नाही. समोरून येणारं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी बघतो आणि तिच्याशी जुळवून आपली वीज आत ढकलतो. समोरचं गेलं की दोन सेकंदांच्या आत त्याने बंद व्हायचं, अशी अटच आहे. अँटी-आयलंडिंग म्हणतात. मी जीईबीत, म्हणजे गुजरात वीज मंडळात, लाईनवर होतो (२००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या, आपल्या वाट्याला एमजीव्हीसीएल आली, पण तोंडात जीईबीच बसलंय). फीडर बंद करून माणूस खांबावर चढतो, तार मेलेली आहे असं धरून. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरून वीज उलटी येत राहिली तर तो माणूस खाली जिवंत येणार नाही.

म्हणून नुसती बॅटरी जोडली की पॅनल चालू राहतील असं नसतं. लाईट गेल्याबरोबर घराला बाहेरच्या तारेपासून तोडायचं आणि आत स्वतःचं छोटं ग्रिड उभं करायचं, एवढं करणारं यंत्र लागतं. कोटेशनमध्ये ते "बॅकअप पोर्ट" किंवा "ईपीएस" अशा नावाने लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका.

हिशेबी
सोमवार, सकाळी ८:३०

आधी एक खुंटी पक्की मारू. बॅटरीने बिल वाचेल असं तिघांपैकी कोणी म्हणालं असेल तर त्याच्या हातात कॅल्क्युलेटर द्या.

नेट मीटर आहे तोवर ग्रिड हीच तुमची बॅटरी, आणि ती फुकट आहे. दुपारी दिलेलं युनिट रात्री परत घेता, युनिटला युनिट. तेच युनिट लिथियम बॅटरीत घालून बाहेर काढलं तर दहातलं एखादं वाटेतच जातं, लेड-अॅसिडमध्ये दोन-अडीच जातात. बिलाच्या मुदतीत वळतं होऊन जी युनिटं उरतात त्यांना आमच्या बिलात २ रुपये २५ पैसे मिळतात. आपण विकत घेतो ते इंधन आकार आणि १५ टक्के वीजशुल्क धरून सात-साडेसात रुपयांना पडतं. या दोनमधली फट म्हणजे बॅटरीची जास्तीत जास्त कमाई.

आता उदार मनाने धरू, की रोज ४ युनिटं बॅटरीतून फिरवली आणि प्रत्येकामागे पूर्ण ५ रुपये वाचले (नेट मीटरवर वाचणार नाहीत, तरी धरू). दिवसाचे २०, वर्षाचे ७३००. २ लाख ४० हजार भागिले ७३०० म्हणजे तेहतीस वर्षं. चांगल्या लिथियम बॅटरीची वॉरंटी दहा वर्षांच्या आसपास.

बदलू शकेल असं एकच. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून स्मार्ट मीटर असलेल्यांना वेळेनुसार दर लावायची तरतूद केली. दिवसा उन्हाच्या तासांत स्वस्त, संध्याकाळी महाग. संध्याकाळचा दर खरंच टोचायला लागला की हे गणित पुन्हा मांडू. आज ही खरेदी फक्त अंधाराविरुद्धची आहे. इन्सुलिनसाठी ती रास्त असेल, मी नाही म्हणत नाही, पण खर्च त्या खात्यावर टाका.

आणि हो, सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवर जीएसटी ५ टक्के आहे, बॅटरीवर १८. सगळं मिळून एकच आकडा लिहिला असेल तर फोड मागा.

सेवउसळ
सोमवार, सकाळी ९:०२

हिशेबीशेठ, मग ते मोढेरा? ते गाव म्हणे चोवीस तास सोलरवर.

हिशेबी
सोमवार, सकाळी ९:२०

मोढेऱ्यात घरोघरी बॅटऱ्या नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं चोवीस तास सौरऊर्जेवरचं गाव म्हणून जाहीर झालं. त्यात घरांच्या छतांवर पॅनल आहेतच, पण खरा भार ६ मेगावॅटचा जमिनीवरचा प्लांट आणि त्याच्याजवळची १५ मेगावॅट-तासांची एक मोठी बॅटरी यांच्यावर. म्हणजे साठवण सामाईक, तारेच्या पलीकडे. बॅटरी ठेवायची शहाणी जागा तीच, असं माझं मत. पण ते समाकर ताईंच्या हातात नाही.

कमाटीबाग
सोमवार, दुपारी १:१०

इन्व्हर्टर बनवणाऱ्या धंद्यात आहे, कंपनीचं नाव घेणार नाही आणि विकायलाही काही नाही. हिशेबींशी सहमत, पण कोटेशनांच्या आधी यादी बघू या, कारण सगळी गडबड तिथे आहे.

५.१२ युनिट हा आकडा कुठून येतो? १६ सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणजे ५१.२ व्होल्ट, गुणिले १०० अँपिअर-तास. त्यातलं ९० टक्के वापरायचं, पुन्हा इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं. हातात येतात सव्वाचारच्या आसपास युनिटं. एवढ्यात घर बसवायचं.

फ्रीज चालताना शंभर-दीडशे वॅट घेतो, पण मधेमधे बंद होत असल्यामुळे चोवीस तासांचं एक-सव्वा युनिट. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०. दिवे आणि राउटर किरकोळ. तीन पंखे बीएलडीसी असतील तर संध्याकाळी सात ते सकाळी सात तुमचं सगळं मिळून दोन-अडीच युनिटांत भागतं. साधे पंखे असतील तर साडेतीन-चार. म्हणजे पाच युनिटांची बॅटरी विकत घेण्याच्या आधी पंखे बदलले तर बॅटरी जवळजवळ दीडपट झाल्यासारखी आहे.

एसी : दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात सहा युनिटं सहज खाईल. विषय संपला. एसी हवा असेल तर १० युनिटांची बॅटरी लागते आणि चर्चा लाखांनी पुढे सरकते.

मोटर : एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट ऐकायला कमी वाटतं, पण सुरू होताना ती क्षणभर चौपट-पाचपट ओढते. ३ किलोवॅटचा बॅकअप तिथेच पाय सोडतो.

समाकर
सोमवार, दुपारी २:४५

एसी काढला यादीतून. सासूबाई तशाही लावू देत नाहीत.
पण मोटर कशी काढू? वरच्या टाकीत पाणी चढवायला हवंच ना.

दांडिया बाजार
सोमवार, दुपारी ३:३०

ताई, पुरात तुमची खालची टाकी कुठे असते?

आमच्या मावशीकडे कारेलीबागेत पार्किंगमधल्या टाकीच्या झाकणावर हातभर पाणी होतं. गटाराचं आणि नदीचं एकत्र. ते पाणी मोटर लावून वर चढवायचं? मोटरही त्याच पाण्यात बुडालेली, लावायला गेला असता तर शॉकच लागला असता. नंतर टाकी उपसून, ब्लीचिंग टाकून, दोनदा धुवून मगच वापरली. पुराचा अंदाज आला की वरची टाकी काठोकाठ भरून ठेवायची, दोन पिंपंही भरायची आणि मोटरचा मेन खाली पाडायचा. ते काम तेव्हाचं, लाईट असतानाचं. बॅटरीच्या यादीत मोटरला जागाच नाही.

समाकर
सोमवार, दुपारी ३:५०

हे डोक्यातच आलं नव्हतं. टाकी पार्किंगमध्येच आहे. मोटरही काढली.

वासणा रोड
सोमवार, संध्याकाळी ६:४०

मग मी बॅटरीवाल्याच्या बाजूने उभा राहतो. ट्यूब्युलरला एवढं हिणवू नका. १५० अँपिअर-तासाच्या दोन म्हणजे ३.६ युनिटं, त्यातलं अर्धं वापरायचं म्हटलं तरी १.८. तासा-दोन तासांची लाईट जाते त्याला भरपूर. खर्च पाचपटीने कमी. बिघडलं तर गल्लीतला माणूस येऊन बघतो. लिथियमचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) बसलं तर कोणाला बोलावणार? कंपनीचा इंजिनिअर अहमदाबादहून येईपर्यंत तुम्ही मेणबत्तीवर.

कमाटीबाग
सोमवार, संध्याकाळी ७:१५

सर्व्हिसचा मुद्दा मान्य, आणि तो लहान नाही. बाकी थोडं :

ट्यूब्युलर अर्ध्यापर्यंतच उतरवायची हे तुम्ही स्वतःच लिहिलंत. रोज पूर्ण वापरली तर दोन-तीन वर्षांत झोपते, क्वचित वापरली तर पाच-सहा चालते. लिथियम फॉस्फेट चार-सहा हजार फेऱ्यांचं असतं. पण ताईंच्या घरी रोजच्या फेऱ्या नाहीतच, नेट मीटर आहे. तेव्हा लिथियमचा तो गुण इथे वाया जातो हे कबूल करायला हवं. ट्यूब्युलर भरत असताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे बंद खोलीत आणि झोपायच्या खोलीत नको. पाण्याची पातळी बघावी लागते. आणि एकेक बॅटरी पन्नास-साठ किलो, पूर येतोय म्हणून उचलून वर नेऊ म्हणाल तर ते होत नाही.

खरा फरक पुरातला. साधा इन्व्हर्टर लाईट असतानाच बॅटरी भरतो. लाईट गेली की सोलर झोपलेलं, बॅटरी एकदा रिकामी झाली की संपलं. १.८ युनिटांत फ्रीजच दीड दिवस ओढेल आणि मग? अर्ध्या तासाच्या कटसाठी तिसरं कोटेशन उत्तम. समाकर ताईंनी सांगितलेल्या कारणासाठी ते उपयोगाचं नाही.

इंदूरी पोहे
सोमवार, रात्री ८:३०

इंदूरहून वाचतोय. आमच्याकडे सुदामा नगरात पूर नाही, पण पावसाळ्यात ट्रिपिंग फार. वरचा हिशेब आमच्यालाही लागू का?

हिशेबी
सोमवार, रात्री ८:४१

गणिताची रीत तीच, आकडे तुमच्या बिलातले घाला. उरलेल्या युनिटांचा भाव राज्यागणिक वेगळा असतो. ट्रिपिंगसाठी वासणा रोड म्हणतात तो साधा इन्व्हर्टर घ्या आणि निवांत पोहे खा.

जुना वायरमन
मंगळवार, सकाळी ६:०५

साधा इन्व्हर्टर आणि सोलर एकाच घरात असतील तर एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या सोसायटीत घडलेली आहे. कोणी बसवलं ते विचारू नका.

त्या घरात आधी साधा इन्व्हर्टर होता, मग सोलर आलं. सोलरची तार मेन बोर्डात जायला हवी होती ती जवळ पडते म्हणून इन्व्हर्टरच्या पुढच्या बोर्डात जोडली. दुपारी लाईट गेली. घरचा इन्व्हर्टर सुरू झाला, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सोलरच्या इन्व्हर्टरला वाटलं ग्रिड परत आलं. त्याने आपली ठरलेली वाट बघितली आणि सुरू झाला. घरात तीनशे वॅटचा लोड, वरून येतात दोन हजार वॅट. उरलेले जाणार कुठे? उलटे घरच्या इन्व्हर्टरमध्ये शिरले. बॅटरी गुरगुरायला लागली, कार्डातून आधी वास आला आणि मग धूर.

सोलरचं कनेक्शन नेहमी घरच्या इन्व्हर्टरच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला. इलेक्ट्रिशियनला उभं करून तार कुठे जाते ते डोळ्यांनी बघा.

कमाटीबाग
मंगळवार, सकाळी १०:२०

काकांनी सांगितलं तोच प्रकार शिस्तीत केला की त्याला एसी कपलिंग म्हणतात (हा एसी म्हणजे विजेचा प्रवाह, थंड हवेचा नाही), आणि ताईंचं दुसरं कोटेशन तेच आहे. त्यात बॅटरी इन्व्हर्टर जाणूनबुजून खोटं ग्रिड बनवतो, सोलर त्याच्याशी जुळतं आणि उरलेली वीज बॅटरीत जाते. बॅटरी भरत आली की तो फ्रिक्वेन्सी ५० च्या वर सरकवतो, सोलरचा इन्व्हर्टर ते बघून आपलं उत्पादन कमी करतो किंवा थांबतो. सगळा खेळ या समजुतीवर. तुमचा जुना इन्व्हर्टर वाढत्या फ्रिक्वेन्सीला हळूहळू कमी होतो की एकदम तुटतो, ते मॉडेल नंबर देऊन लेखी विचारा.

दुसरं. १०० अँपिअर-तासाची बॅटरी साधारण ५० अँपिअरने भरावी असं बनवणारे सांगतात. ५० गुणिले ५१.२ म्हणजे अडीच किलोवॅट. तुमचे पॅनल एप्रिलच्या दुपारी तीन देतील. घरात फक्त फ्रीज-पंखे चालू असताना अडीचच्या वरचं सगळं बॅटरीवर आदळणार, बीएमएस बॅटरी तोडणार आणि घर पुन्हा अंधारात, तेही भर उन्हात. १ लाख ९० हजारांच्या कोटेशनमध्ये हे कोणी लिहिलंय का बघा. माझा अंदाज, नसेल.

पहिल्या कोटेशनमध्ये, म्हणजे हायब्रिडमध्ये, ही कटकट नाही. एकच यंत्र पॅनलही सांभाळतं आणि बॅटरीही. पण तिथे दुसरी गोष्ट. योजनेतून बसवलेल्या सिस्टिमवर बसवणाऱ्याची पाच वर्षं देखभालीची जबाबदारी आहे. तिसऱ्याच माणसाने इन्व्हर्टर बदलला तर पहिला हात वर करणार. आणि नेट मीटरच्या कागदावर जुन्या इन्व्हर्टरचा नंबर आहे, बदललात तर वीज कंपनीला कळवून कागद नवे करावे लागतील. धड चालणारा इन्व्हर्टर माळ्यावर टाकायचा हेही मला पटत नाही.

समाकर
मंगळवार, सकाळी ११:००

म्हणजे तिन्ही बाद? 😀

कमाटीबाग
मंगळवार, सकाळी ११:३५

चौथं सुचवते. गच्चीवर दोन पॅनलांची जागा आहे का? असेल तर आताच्या सिस्टिमला हातच लावू नका. शेजारी छोटी, स्वतंत्र ऑफ-ग्रिड बसवा. दोन पॅनल म्हणजे १.१ किलोवॅट, एक २४ व्होल्टचा एमपीपीटीवाला (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) सोलर इन्व्हर्टर आणि २५.६ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, अडीच युनिटांची. त्याच्यावर घरातलं एकच सर्किट : फ्रीज, तीन पंखे, चार दिवे, वायफाय. ही वीज ग्रिडला जात नाही, त्यामुळे नेट मीटरशी तिचा संबंध येत नाही. जुन्याची देखभाल, सबसिडीचे कागद, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या कोटेशनपेक्षा महाग, पहिल्या दोनांपेक्षा खूपच स्वस्त.

एक बारीक गोष्ट. ५५०चा पॅनल उघड्या सर्किटला ४९-५० व्होल्ट दाखवतो. दोन सिरीजमध्ये लावले की शंभर, आणि थंडीच्या सकाळी त्याहून वर. छोट्या इन्व्हर्टरांची मर्यादा पुष्कळदा शंभराच्या आतबाहेर असते. तेव्हा डेटाशीट बघून पॅरलल लावायचे. पॅरललला अँपिअर दुप्पट, तार त्या हिशेबाची जाड.

वासणा रोड
मंगळवार, दुपारी १२:१५

हे पटलं. लिथियमच्या सर्व्हिसची भीती सोडून.

हिशेबी
मंगळवार, दुपारी १२:४०

पण पुराच्या दिवसांत ऊन असतं कुठे? एरवी आपल्याकडे किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिटं धरतो. काळ्या ढगांत एक मिळालं तरी नशीब. १.१ किलोवॅटवर दिवसाला एक युनिट.

कमाटीबाग
मंगळवार, दुपारी १:०५

बरोबर, म्हणून यादी कापली. एक-सव्वा युनिटात फ्रीज चालतो. पहिल्या रात्री भरलेली बॅटरी असते, नंतर ढगाळ दिवसाला पंखा एक, दिवा एक आणि फ्रीज. शिवाय २०२४ मध्ये पाऊस थांबल्यावरही पाणी उतरत नव्हतं, आजवा-प्रतापपुरा तलावांचं पाणी वरून येतच होतं. कोरड्या आभाळाखाली रस्ते भरलेले. त्या दिवसांत पॅनलांनी चांगलं काम केलं असतं.

दांडिया बाजार
मंगळवार, दुपारी ४:२०

इन्सुलिनबद्दल थोडं अवांतर, घरात मधुमेही असल्यामुळे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, पण वापरायला काढलेली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या आत, चालते. गोठलेलं इन्सुलिन मात्र फेकायचं, त्यामुळे बर्फाला थेट टेकवू नका. तुमच्या ब्रँडचं काय ते डॉक्टरांना विचारून घ्या. सांगायचं एवढंच, की दोन-चार तास लाईट गेली म्हणून जीव घाबरा करू नका.

समाकर
मंगळवार, रात्री ९:१०

रुमालात गुंडाळायचं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. धन्यवाद.

चौथा पर्याय घरी सगळ्यांना पटला. गच्चीवर जिन्याच्या खोलीमागे दोन पॅनलांची जागा आहे. आता भांडण जागेवरून. "हे" म्हणतात बॅटरी जिन्याखाली ठेवू, तिथे कोनाडा आहे. मी म्हणते तिथे २०२४ मध्ये पाणी होतं. मग ते म्हणाले, गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत ठेवू.

जुना वायरमन
बुधवार, सकाळी ६:२०

जिन्याखाली नको. पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर असेलच, बडोद्यात निम्म्या घरांत रंगाखालून अजून दिसते. बॅटरी, इन्व्हर्टर, चेंजओव्हर स्विच, सगळं त्या खुणेच्या वर, शक्यतो वरच्या मजल्यावर.

आणि पुराचं लक्षात ठेवा. मेन पाडला तरी दिवसा पॅनलांच्या तारेत वीज असतेच, ती कुठल्या स्विचने मरत नाही. तुमचे जुने सहा पॅनल सिरीजमध्ये म्हणजे उन्हात तीनशे व्होल्ट डीसी. इन्व्हर्टर किंवा डीसीडीबी (पॅनलांच्या तारा येतात तो डबा) पाण्यात गेला असेल तर सूर्य मावळल्यावरसुद्धा हात लावू नका, माणूस बोलवा. पाणी चढायच्या आधी एसी बाजूचा ब्रेकर पाडायचा, मग डीसीचा. तुमचा जुना इन्व्हर्टर कुठे लावलाय? पार्किंगच्या भिंतीवर असेल तर आधी तो वर घ्या, बॅटरी राहू द्या.

कमाटीबाग
बुधवार, सकाळी ९:५०

आणि जिन्याच्या खोलीतही नको. मे महिन्यात बाहेर ४३-४४ असतं तेव्हा त्या खोलीत स्लॅबखाली आणखी चार-पाच अंश वर. लिथियम बॅटरी भरायची मर्यादा बहुतेक कंपन्या ४५ ते ५५ अंश देतात, त्याच्या जवळ रोज राहिली की आयुष्य झिजतं. वरच्या मजल्यावरचा पॅसेज, उत्तरेची किंवा आतली भिंत, ऊन न पडणारी. पंचवीस किलोच्या आसपास वजन असेल. माळ्यावर चढवू नका, तिथे हवा खेळत नाही.

सेवउसळ
बुधवार, सकाळी १०:१५

गच्चीवर आणखी दोन पॅनल म्हणजे उत्तरायणला पतंग उडवायला जागा उरली का? आमच्याकडे वासी उत्तरायणला (दुसऱ्या दिवशी) एक पाहुणा फिरकी घेऊन मागे मागे सरकत थेट पॅनलवर बसला होता. पॅनल वाचला, पाहुण्याची पँट गेली.

दांडिया बाजार
बुधवार, सकाळी १०:३०

😂 आम्ही चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये, गच्ची सोसायटीची. आमच्यासाठी काय?

हिशेबी
बुधवार, सकाळी ११:००

तुमच्यासाठी बीएलडीसी पंखे आणि वासणा रोडचा साधा इन्व्हर्टर. सोसायटीच्या गच्चीचा विषय वेगळा धागा काढून मांडा, त्यात भांडायला मजा येईल.

समाकर
बुधवार, रात्री ९:३०

काका, जुना इन्व्हर्टर पार्किंगच्याच भिंतीवर आहे. मागच्या वेळी पाणी त्याच्या खाली फूटभर राहिलं. ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला, वरच्या मजल्यावर हलवून देतील, तारेचे आणि मजुरीचे पैसे वेगळे. तसं लेखी मागितलंय, देखभालीच्या करारात नोंद करून.

नव्या सिस्टिमचं कोटेशन दोघांकडून मागवलं. एकाने ८६ हजार सांगितले, जीएसटीची फोड दिली, इन्व्हर्टरची पॅनल-व्होल्टेजची मर्यादा विचारल्यावर डेटाशीटही पाठवली. ९० व्होल्ट आहे, म्हणजे पॅरललच. दुसरा म्हणाला, "मॅडम, तुम्हाला इतकं कशाला हवं?" त्याला काही कळवलं नाही.

पंखे उद्या बदलतोय. बॅटरी वरच्या पॅसेजमध्ये, देवघराच्या पाठच्या भिंतीवर. सासूबाईंची हरकत नाही, फक्त आवाज होतो का ते विचारलंय.

कमाटीबाग
बुधवार, रात्री ९:५५

बॅटरीचा नाही, इन्व्हर्टरच्या पंख्याचा होतो, लोड वाढला की. फ्रीज-पंख्यांवर फारसा नाही. पण देवघरामागची भिंत विटेची आहे ना? आणि साडेचार इंची की नऊ?

समाकर
बुधवार, रात्री १०:०८

वीट, नऊ इंची. खुंटी ठोकताना हात मोडले होते, त्यामुळे खात्री आहे.